खिशातली काडी

धुण्याचे कपडे मशिनमध्ये टाकण्याआधी खिसे तपासायची माझी जुनी सवय. यांच्या शर्टात सुटे पैसे, मुलाच्या पँटीत कारखान्यातला एखादा वॉशर नाहीतर नट, आणि नातीच्या शाळेच्या फ्रॉकात तर जगातलं काहीही सापडतं. खडूचा तुकडा, गुंजा, अर्धं खोडरबर, कुणाच्या तरी फुटक्या बांगडीची काच. त्या शुक्रवारी एक पांढरी कागदी काडी निघाली. बोटभर लांब, एका टोकाला तपकिरी काहीतरी वाळून चिकटलेलं. वास घेतला, तर चॉकलेट.

"चिमू, ही काडी कसली गं?" मी सहज विचारलं. लॉलीपॉपची असेल असंच मला वाटलं होतं.

ती दारात आली, काडीकडे बघितलं आणि म्हणाली, "ते मी नाही खाल्लं. ते माझ्या मैत्रिणीचं आहे."

आता बघा, मी "कसली" एवढंच विचारलं होतं. "खाल्लंस का" असं विचारलंच नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माणूस कधी देतो, हे पन्नाशी ओलांडलेल्या बाईला सांगावं लागत नाही. मी काही बोलले नाही. काडी केराच्या डब्यात टाकली आणि मशिन सुरू केलं. पण मशिनच्या घरघरीबरोबर ती काडी माझ्या डोक्यातही फिरत राहिली.

रात्री सूनबाईनं फोनवर वर्गाचा फोटो दाखवला. कुणाच्या तरी वाढदिवसाचा. थर्माकोलच्या पाटीत वीस-पंचवीस काड्या उभ्या खोचलेल्या आणि प्रत्येक काडीच्या डोक्यावर चॉकलेटनं माखलेला एक गोल लाडू. "आई, याला केक पॉप म्हणतात. केक कुस्करून त्याचे गोळे करायचे, चॉकलेटमध्ये बुडवायचे. काडी नसली की नुसते केक बॉल." फोटोत चिमू दुसऱ्या रांगेत होती. हातात तसलीच काडी, आणि गोळ्याचा घास घेतलेला.

बेकरीचा केक. त्यात अंडं असणार, निदान असू शकतं. आमच्या घरात अंडं नाही, कांदा-लसूण नाही, कंदमूळ नाही, मध नाही, लोणी नाही. सूर्यास्तानंतर गॅस पेटतो तो फक्त दूध तापवायला, आणि तेही आक्कांच्या नजरेआड. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. वय ब्याऐंशी. तीस वर्षांपासून बाजारचं त्यांनी काही तोंडात घातलेलं नाही.

"तिला बोलू नका हं," सूनबाई हळूच म्हणाली. "सगळी मुलं खातात. ही एकटीच हाताची घडी घालून बसणार का? एवढंसं खाल्लं तर काय होतंय, आई? आम्हीही हॉस्टेलवर असताना..." आणि ती थांबली. पुढचं वाक्य तिनं गिळलं.

मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. एकाच घरातल्या दोन बायका, दोघींच्याही घशात एकेक गिळलेलं वाक्य. माझं वाक्य तिच्यापेक्षा बरंच जुनं होतं.

ते आज इथे लिहूनच टाकते.

मी पाचवीत असताना निपाणीकडच्या आमच्या गावातल्या शाळेची सहल बेळगावला आली होती. तेव्हा बेळगाव आम्हाला मुंबईएवढं मोठं वाटायचं. सकाळी किल्ला बघितला. किल्ल्यातली कमल बस्ती बघितली. रट्ट राजांच्या काळात १२०४ साली बांधलेली, छताला दगडी कमळ असलेली. गुरुजींनी सांगितलेलं सगळं वहीत उतरवून घेतलं आणि नेमिनाथांपुढे हात जोडले. आमच्या वर्गात आम्ही दोघीच जैन, म्हणून आम्हाला पुढे उभं केलं होतं. मला कोण अभिमान वाटला होता!

आणि दुपारी किल्ल्याबाहेर झाडाखाली डबे उघडले. माझ्या शेजारणीच्या डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची पिवळी भाजी. वरून कोथिंबीर पेरलेली. तिनं पुरीत भाजी गुंडाळून माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "घे की, कोण बघतंय?" दुसरी जैन मुलगी पाण्याला गेली होती. मी खाल्ली.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "डबा खाल्लास?" "होय." "दुसऱ्या कुणाचं काय खाल्लं नाहीस नव्हे?" "नाही." रात्री मला ताप भरला. दिवसभर उन्हात फिरल्यावर भरायचाच, पण मला खात्री की हा बटाट्याचा ताप. आई रात्रभर कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत णमोकार म्हणत बसली होती. ती जितक्यांदा म्हणे तितक्यांदा माझ्या पोटात खड्डा पडे. सांगून टाकावं असं दहादा मनात आलं. सांगितलं नाही. पुढे सांगू म्हटलं. लग्न झालं, मुलं झाली, आई म्हातारी झाली, अकरा वर्षांमागे गेलीसुद्धा. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

आमच्या चातुर्मासातल्या स्वाध्यायाला एखादी नवी सून आली की कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणतं, "यांनी जन्मात बटाटा चाखलेला नाही." मी नुसती हसते. बोललेलं तेवढंच खोटं असतं, असं थोडंच आहे? हसणंही खोटं असू शकतं.

तर ती काडी हातात आल्यापासून मला चिमूचा राग येत नव्हता. भीती वाटत होती. पुरीएवढ्या गोष्टीचं ओझं माझ्यासारखं तिलाही पन्नास वर्षं वाहायला लागेल की काय, याची.

शनिवारी मी सूनबाईला म्हणाले, "आपण घरी करूया ते गोळे." तिला आधी वाटलं मी टोमणा मारतेय. मग तिचा चेहरा असा उजळला की मलाच वाईट वाटलं. ओव्हन आणून तिला दोन वर्षं झाली होती, आणि मी आपणहून "कर" असं एकदाही म्हटलेलं नव्हतं.

तिनं मला या पदार्थाची सगळी कुळकथा सांगितली. अमेरिकेत केकचे गोळे आधीपासून व्हायचेच. अँजी डडली नावाच्या एका बाईनं 'बेकरेला' या नावानं घरचे पदार्थ मांडायला सुरुवात केली आणि २००८ च्या सुमाराला त्या गोळ्यांना काड्या टोचल्या. २०१० मध्ये तिचं त्यावर पुस्तकही आलं. तिकडे डेन्मार्कमध्ये तर बेकरीत उरलेला केक कुस्करून त्यात रम घालून गोळे वळतात म्हणे. रम सोडा, पण बाकीचं ऐकून मला हसू आलं. अगं, हा तर आपला पोळीचा लाडू! उरलेल्या पोळ्या कुस्करायच्या, तूप-गूळ घालायचा, लाडू वळायचा. राजस्थानी लोकांचा चुरमाही त्यातलाच. मोडलेलं, उरलेलं, कोरडं पडलेलं गोळा करून त्याला पुन्हा गोल आकार द्यायचा, हे काम जगातल्या सगळ्या बायका करत आल्या आहेत. कुणी काडी लावली, कुणी वर बेदाणा लावला.

पहिला रविवार मात्र पार फसला.

आम्ही व्हिडिओतल्या मापानं गेलो. अमेरिकेतल्या पद्धतीत कुस्करलेल्या केकात डबाभर फ्रॉस्टिंग घालतात. त्यात लोणी असू शकतं. ते आपल्याला चालत नाही, म्हणून सूनबाईनं तेवढ्याच मापाचं कंडेन्स्ड मिल्क ओतलं. झाला चिखल. गोळे वळले, पण काडीवर ठरेनात. चॉकलेटमध्ये बुडवले की हळूहळू खाली घसरायचे आणि काडी वर नुसती उभी. मग ते घट्ट व्हावेत म्हणून फ्रीझरमध्ये दगड होईपर्यंत ठेवले. बाहेर काढून गरम चॉकलेटमध्ये बुडवले, तर चॉकलेट लगेच आळलं खरं, पण पाच मिनिटांत एकेकाला तडा जायला लागला. गार गोळा बाहेरच्या उष्णतेनं फुगतो आणि वरचं आळलेलं कवच फुटतं, हे नंतर कळलं. आणि शेवटी वाटीखालच्या उकळत्या पाण्याची वाफ चॉकलेटमध्ये पडली. एक थेंब, फार तर दोन. बघता बघता चकचकीत चॉकलेटचा काळा, भरभरीत गोळा झाला. साखरेचे आणि कोकोचे कण पाण्याच्या एका थेंबानं एकमेकांना चिकटतात. भरपूर पाण्यानं असं होत नाही, एका थेंबानं होतं. मला त्यातही आपलं काहीतरी दिसलं. संसारात भांडण व्हायला कुठे घागरभर कारण लागतं?

सूनबाई रडकुंडीला आली. चिमू खुर्चीवर उभी राहून सगळं बघत होती. एकही गोळा तिनं तोंडात घातला नाही. "खा की," मी म्हटलं. "नको," म्हणाली, आणि खाली उतरून निघून गेली. ज्या पदार्थावरून खोटं बोललं, तो समोर मांडलेला बघणं लहान मुलाला सोपं नसतं.

आठवडाभर मी विचार केला. चाळीस वर्षं लाडू वळणाऱ्या बाईनं मापासाठी व्हिडिओकडे का बघावं? बांधणीला आपल्याकडे काय कमी आहे? आणि एकदम आठवलं, कुंदा! आमच्या बेळगावचा कुंदा म्हणजे आटवून, परतून, तपकिरी होईपर्यंत जागवलेलं दूध. दाणेदार, ओलसर, खरपूस. केकच्या चुऱ्याला बांधायला त्याच्याइतकं चांगलं काय असणार? शनिवारी दुपारी मी लिटरभर दूध आटवायला ठेवलं.

दुसऱ्या रविवारची तयारी अशी होती. केकला सव्वाशे ग्रॅम मैदा, पंचवीस ग्रॅम कोको, दोनशे ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, साठ ग्रॅम तूप, सव्वाशे मिलीलिटर दूध. अर्धा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा आणि शेवटी चमचाभर लिंबाचा रस. व्हॅनिला इसेन्समध्ये अल्कोहोल असू शकतं, म्हणून वेलदोड्याची पूड. एकशे ऐंशी अंशांवर तीस-पस्तीस मिनिटं. याचा साधारण अर्धा किलो केक होतो. त्याला शंभर ग्रॅम कुंदा आणि लागलं तर दोन चमचे दूध, एवढंच. मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि बोटानं टोचलं की मोडावा. लाडवाच्या सारणासारखंच की!

चॉकलेटचं शिक्षण सूनबाईनं दिलं. खरं चॉकलेट म्हणजे कोको बटरचं. त्याला तापवायचं पंचेचाळीस अंशांवर, उतरवायचं सत्तावीसवर, पुन्हा चढवायचं एकतीसवर. तेव्हा ते चकाकतं आणि टचकन मोडतं. नाहीतर वर पांढरी बुरशीसारखी झाक येते. बाजारात कंपाऊंड म्हणून लादी मिळते, तिच्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं. तिला हे चढउतार लागत नाहीत. आम्ही तीनशे ग्रॅम कंपाऊंड घेतलं. पण मला ते अंशांचं फार आवडलं. पाक एकतारी की दोनतारी हे बोटांत धरून ओळखणाऱ्या आपण. तिकडची बाई थर्मामीटरनं तेच ओळखते.

पाकिटं वाचायचं काम मी चिमूला दिलं. आजोबांचं भिंग घेऊन ती हिरवा ठिपका शोधत बसली. वर भुरभुरायला आणलेल्या रंगीत गोळ्यांच्या परदेशी पाकिटावर तिला ई १२० आणि ई ९०४ सापडलं. मी सांगितलं, ई १२० म्हणजे लाल रंग, तो कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात. ई ९०४ म्हणजे लाख, तीही किड्यांचीच. चकाकी यावी म्हणून लावतात.

"किडे मारून?" तिनं विचारलं.

"होय."

तिनं ते पाकीट दोन बोटांत धरून बाजूला ठेवलं, जणू किडे आत जिवंत आहेत. "मग आपण पिस्ते घालूया," म्हणाली. "अंडं आणि किडे" एवढं ती स्वतःच पुटपुटली आणि गप्प झाली. तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. या घरात आजवर आम्ही तिला "हे खायचं नाही" एवढंच सांगितलं होतं. "का" हे सांगायला कुणाला सवड मिळाली नव्हती. ते भिंग हातात दिल्यावर तिचं तिला कळलं.

आता प्रश्न आक्कांचा. कृतीत लिहिलं होतं, केक आदल्या दिवशीचा असला तर कुस्करायला बरा. आक्का दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. सगळं ऐकत होत्या.

"कालचं आज कुस्करून खायचं? शिळं नव्हे काय ते? आणि पोरीच्या हातात द्यायचं?"

"नाही आक्का, आज पहाटेच भाजलाय."

"पीठ कधीचं?"

पावसाळ्यात पिठाची मर्यादा तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. हे त्यांना श्वासासारखं पाठ. मैदा बाजारचा, त्यामुळे त्या खाणार नाहीतच, हे त्यांना आणि आम्हाला दोघांनाही माहीत होतं. तरी विचारल्याशिवाय राहवत नाही. मी म्हटलं, "तुमच्यासाठी कुंदा वेगळा काढलाय, घरच्या दुधाचा." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. म्हणजे पसंत होतं.

आम्ही वजनकाटा मांडला. पंचवीस ग्रॅमचा एक गोळा. सूनबाईचे पंचवीस, सत्तावीस, तेवीस. माझे चोवीस, सव्वीस. पाच मिनिटं बघून आक्का उठल्या. हात धुतले, पदर खोचला. "सरा गं तिकडं. लाडू वळायला काटा लागतोय होय तुमास्नी?" त्यांनी चार गोळे वळून काट्यावर ठेवले. पंचवीस, पंचवीस, पंचवीस, पंचवीस. ज्या हातांनी हा पदार्थ तोंडाला लावायचा नव्हता, तेच हात सगळ्यांत सरळ चालत होते. चिमू टाळ्या वाजवायला लागली आणि मोठ्या आजीच्या मांडीला खेटून तीही वळायला बसली.

वळणाऱ्या बायकांचं तुम्हाला माहीत आहे. शेवया असोत, सांडगे असोत, लाडू असोत. हात गुंतलेले असतात, नजर खाली असते, कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. म्हणून मनातलं बाहेर येतं. आमच्या आयांनी अर्ध्या गोष्टी एकमेकींना अशाच सांगितल्या.

दहा-बारा गोळे झाले असतील. चिमू मान वर न करता म्हणाली, "आजी, ते मी खाल्लं होतं."

सूनबाईचा हात थांबला. माझा चालूच राहिला.

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

"मग तू ओरडली का नाहीस?"

आता मला उत्तर देणं भाग होतं. समोर सासूबाई, बाजूला सून, मांडीजवळ नात. तीन पिढ्यांच्या मधे मी, आणि हातात कुंद्यानं बांधलेला केकचा गोळा. मनात आलं, काहीतरी गोड बोलून वेळ मारून न्यावी. पण ती पोर एवढं धाडस करून बसली होती, आणि मी पुन्हा नुसतं हसायचं?

"कारण मीपण खाल्लं होतं," मी म्हणाले. "तुझ्याएवढी असताना. बटाटा. आणि माझ्या आईशी खोटं बोलले होते."

घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. सूनबाई माझ्याकडे अशी बघत होती, की मी तिला पहिल्यांदाच दिसतेय. मी आक्कांकडे बघायचं टाळत होते. या बाईनं मला पस्तीस वर्षांमागे सून म्हणून पसंत केलं, ते "घराणं कडक आहे" म्हणून.

आक्कांनी हातातला गोळा पूर्ण वळला. ताटात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कसं लागतंय गं ते बटाटं?"

मला काय बोलावं ते कळेना. ब्याऐंशी वर्षांची बाई. ना राग, ना टोमणा. खरोखर विचारत होत्या. जन्मात चव घेतली नव्हती आणि आता घेणारही नव्हत्या, पण माहीत करून घ्यायला काय हरकत?

मी आठवायला लागले. पिवळा रंग आठवला, कोथिंबीर आठवली. पाण्याला गेलेली ती दुसरी मुलगी कधी परत येईल म्हणून तिच्या वाटेकडे लागलेले माझे डोळे आठवले. पुरी घाईनं गिळल्यामुळे लागलेला ठसका आठवला. चव मात्र काही केल्या आठवेना.

"नाही सांगता यायचं, आक्का. चव लक्षातच नाही. भीतीच तेवढी लक्षात आहे."

चिमूनं मान वर केली. "मलापण नाही आठवत. मी पटकन गिळलं."

आक्का म्हणाल्या, "बघा. म्हणजे दोघींनी खाऊन न खाल्ल्यासारखंच." आणि खुदकन हसल्या. मग सूनबाईही हसली. आणि हसता हसता तिनं हॉस्टेलमधलं आपलं गिळलेलं वाक्य पूर्ण केलं. ते मात्र तिचं आहे, मी इथे लिहीत नाही.

आपल्याकडे आलोचना म्हणतात ती हीच असावी, असं मला त्या दिवशी वाटलं. आपलं चुकलेलं आपल्या तोंडानं सांगायचं, लपवायचं नाही, वाढवून सांगायचं नाही. आजवर मी ती बस्तीत, पुस्तक हातात धरून, सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणत आले. त्यात माझा बटाटा कधी आला नाही. तो आला केकचे लाडू वळताना. नियम मोडला, म्हणून मला पन्नास वर्षं टोचत होतं, असं मी समजत होते. खरं टोचत होतं ते रात्रभर पट्ट्या ठेवणाऱ्या आईशी बोललेलं ते "नाही". नियम आपण मुलांना जीव जपायला शिकवतो. त्याच नियमाच्या धाकानं मूल आपल्यापासून लपायला लागलं, तर आपल्या शिकवण्यात कुठेतरी पाण्याचा थेंब पडलाय असं समजावं.

बाकीचं काम सोपं होतं. गोळे फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवले, फ्रीझरमध्ये नाही. बाहेर काढून पाच मिनिटं तसेच राहू दिले. काडीचं टोक आधी चॉकलेटमध्ये बुडवून मग गोळ्यात निम्म्यापर्यंत खोचलं, म्हणजे ते आळून धरून ठेवतं. चॉकलेटची वाटी खालच्या भांड्याला घट्ट बसेल अशी घेतली, वाफ वर येऊ दिली नाही. ते दाट वाटलं तेव्हा चमचाभर खोबरेल घातलं, पाणी किंवा दूध नाही. एकदाच बुडवायचं, उचलायचं आणि दुसऱ्या हातानं मनगटावर हलकेच टिचक्या मारायच्या, म्हणजे जादाचं गळून पडतं. वर पिस्त्याचा चुरा. थर्माकोलऐवजी चिमूनं अर्ध्या कलिंगडात काड्या टोचल्या. सूर्य मावळायच्या आत चोवीस गोळे तयार होते. आक्कांनी कुंद्याचा गोळा चिमटीत धरून खाल्ला आणि म्हणाल्या, "काडी असती तर मीपण खाल्लं असतं म्हणायला झालं असतं." चिमूनं त्यांच्या कुंद्याला काडी टोचून दिली.

पुढच्या महिन्यात चिमूचा आठवा वाढदिवस झाला. दोनदा घाणा घालून वर्गासाठी अडतीस गोळे केले. वर्गात कुणीतरी विचारलं, यात काय आहे? तिनं मैद्यापासून कुंद्यापर्यंत सगळं घडाघडा सांगितलं. म्हणजे निदान मला तरी तिनं तसं सांगितलं.

आणि परवाची गोष्ट. शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीच्या वाढदिवसाला जाऊन आली. चपला काढायच्या आधीच ओरडली, "आजी, आज पण केक होता! मी विचारलं अंडं आहे का, तर काकू म्हणाल्या, माहीत नाही, दुकानातून आणलाय. मग मी नाही खाल्ला. खूप खावासा वाटला, पण नाही खाल्ला. नुसते वेफर्स खाल्ले."

मी तिला जवळ घेणार, एवढ्यात ती थबकली. डोळे मोठे झाले.

"आजी, वेफर्स बटाट्याचे असतात ना?"

दाराशी खुर्चीत बसलेल्या आक्कांनी जपाची माळ मांडीवर ठेवली.

"मग?" त्यांनी विचारलं. "कसं लागलं?"

"खारट," चिमू म्हणाली.